चिठ्ठीतली बाजू

भाद्रपद लागला की बाजरीच्या रानातून कोमट, पिठासारखा वास येतो. कणसं फुलोऱ्यात असतात. बांधावरून गेलं की बाहीला पिवळसर भुकटी लागते आणि ती दिवसभर झटकत बसावं लागतं. ऊन असं पडतं की पावसाळा अजून संपलेला नाही यावर विश्वास बसू नये. येडगावच्या धरणावर पाण्याची पातळी लिहून घेणं हे माझं नोकरीतलं काम. या दिवसांत पाणी गढूळपणा सोडून हिरवट होतं आणि खुणेवर आज कालच्यासारखंच दिसतं. मोजणाऱ्या माणसाला यापेक्षा सुखाचे दिवस नाहीत. मला मात्र हा महिना कडू लागतो.

परवा गणपती मंडळाची पोरं दारात आली.

"मामा, औंदा परत वादविवाद ठेवलाय. घड्याळाला तुमीच पायजे."

"विषय काय?"

"मोबाईल, शाप का वरदान."

"मग घंटी कशाला? कुणाचा तरी मोबाईलच वाजंल."

पोरं हसली. मी नाही म्हणालो तरी हसतच होती. शेवटी मी खरंच येणार नाही हे कळल्यावर एकजण दुसऱ्याला म्हणाला, "मामा आता थकलं." माझं कारण दारात उभं राहून सांगण्याएवढं छोटं नव्हतं.

शहाण्णव साली मंचरच्या एका मंडळाने जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांतल्या अकरावी-बारावीच्या मुलांसाठी स्पर्धा ठेवली होती. फळ्यावर रंगीत खडूने विषय लिहिला होता : 'विश्वाची उत्पत्ती : विज्ञान सांगते ते खरे, की धर्म सांगतो ते?' विषय कुणी काढला, मला आजतागायत कळलेलं नाही. गणपतीचा मांडव, समोर बटाट्याचे व्यापारी, भजनी मंडळी, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, आणि प्रश्न काय, तर जग कसं झालं. निकाल आरतीच्या आत लावायचा होता.

घड्याळ आणि घंटी माझ्याकडे. मोजमापाच्या नोकरीतल्या माणसाकडे असली कामं न मागता येतात. स्पर्धेचा नियम साधा होता. मुलांनी दोन्ही बाजू तयार करून यायच्या. मांडवाच्या मागे एका स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या ठेवलेल्या असत. हात घालायचा, जी बाजू निघेल ती मांडायची. माझ्या भाचीच्या, मनीषाच्या, हाताला धर्म लागला.

मनीषा माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. तिचं घर बोरी बुद्रुकला, कुकडीच्या काठाला. तिथं नदीच्या दरडीत पांढुरक्या मऊ राखेचा थर आहे. हाताला पावडरीसारखी लागते. आक्काच्या सासूबाई त्या राखेने पितळी भांडी घासायच्या आणि सांगायच्या, कुण्या ऋषीनं इथं यज्ञ केला, त्याची ही राख. मग कधीतरी पुण्याची आणि परदेशातली माणसं आली आणि पिशव्या भरून राख घेऊन गेली. त्यांचं म्हणणं, समुद्रापलीकडे हजारो मैलांवर ज्वालामुखी फुटला आणि त्याची राख वाऱ्यावर इथवर आली. कधी? एकाने पंच्याहत्तर हजार वर्षं सांगितली, दुसऱ्याने आठ लाख. एवढ्या फरकाने मी पाणी मोजलं असतं तर नोकरी राहिली नसती, असं मी म्हणालो. मनीषा तेव्हा शाळेत होती. ती म्हणाली, "मामा, त्यांचं भांडण चाललंय म्हणूनच मला खरं वाटतं. आजीशी तर कुणी भांडतच न्हाई."

खोडदच्या बाजूला त्याच वर्षांत रेडिओ-दुर्बिणीच्या त्या मोठ्या तबकड्या उभ्या राहत होत्या. तारेच्या जाळीच्या, आभाळाकडे तोंड करून ठेवलेल्या. द्राक्षाच्या मांडवांवरून त्यांची डोकी दिसायची. मनीषाच्या कॉलेजची सहल तिथं गेली होती. एका इंजिनिअरने पोरांना सांगितलं की जग अगदी नवं होतं तेव्हा हायड्रोजनने टाकलेली हाक अजून वाटेत आहे आणि ती ऐकायचा आमचा बेत आहे. पोरगी परत आली ती वेगळीच. बारावीनंतर पुण्याला बीएस्सी करायची, भौतिकशास्त्र घ्यायचं, आणि मग त्या जाळीखाली मिळेल ते काम करायचं.

"झाडू मारायला ठेवलं तर?" मी विचारलं.

"आधी झाडू. मंग बघू."

स्पर्धेच्या आधीच्या रविवारी ती माझ्याकडे धरणावर आली होती. क्वार्टरच्या ओसरीवर तिने दोन्ही भाषणं मला म्हणून दाखवली. वारा होता, पाण्याचा वास होता, माझी बायको शेंगा फोडत बसली होती. धर्माची बाजू मनीषा बसल्या बसल्या, हातवारे करत, मधे मधे हसत म्हणाली. ब्रह्मदेवाचा एक दिवस म्हणजे चारशे बत्तीस कोटी वर्षं. शास्त्रज्ञ पृथ्वीचं वय सांगतात साधारण साडेचारशे कोटी. बघा, आमच्या ऋषींना हे दुर्बिणीशिवाय ठाऊक होतं.

"अगं, पण तो दिवस साऱ्या जगाचा, आणि हे वय नुसत्या पृथ्वीचं," मी म्हणालो. "शिवाय वीसेक कोटी कमी पडतात."

"मला म्हाईत हाय. मामा, हा मुद्दा खोटा हाय. पण टाळ्या ह्यालाच पडणार."

विज्ञानाची बाजू म्हणायला मात्र ती उभी राहिली. हात खाली गेले. आवाजही खाली आला. हातात बोरीच्या राखेची पुडी होती. दोन्ही भाषणांत दाखवायची ती एकच पुडी. ते भाषण संपलं तेव्हा बायकोचे हात शेंगांवर थांबलेले होते. त्या भाषणाला टाळ्या पडल्या असत्या का, सांगता येत नाही. ते ऐकणारी माणसं आम्ही दोघंच.

मांडवात तिच्या आधी घोडेगावकडचा दत्ता उभा राहिला. बाप भजनात पखवाज वाजवणारा, पोरगाही चांगला वाजवायचा. त्याला विज्ञान निघालं होतं. घाम पुसत त्याने पाठ केलेलं सांगितलं : एका बिंदूत सगळं होतं, मग महास्फोट झाला. मागून कुणीतरी आवाज दिला, "मंग वात कुणी पेटिवली, राव?" सगळा मांडव हसला. दत्ता अडला. पुढचं वाक्य गेलं ते गेलंच. मी घंटी दाबली तेव्हा तो जवळजवळ आभार मानल्यासारखा माझ्याकडे बघत होता.

मग मनीषा आली आणि तिने तोच धागा उचलला. "आत्ता मागून एका काकांनी विचारलं, वात कुणी पेटवली. माझ्या मित्राकडे उत्तर नव्हतं. माझ्या आजीकडे आहे." पुडी उघडून तिने राख तळहातावर घेतली. लेण्याद्रीच्या डोंगरावर पार्वतीने अंगाच्या मळापासून गणपती घडवला, तिथपासून ब्रह्मदेवाच्या दिवसापर्यंत ती गेली. चारशे बत्तीस कोटींवर टाळ्या पडल्या. तिने सांगितल्या होत्या त्याच जागी. टाळ्या थांबेपर्यंत ती माझ्याकडे बघत होती, आणि ओठाचा एक कोपरा दुमडलेला होता. तो मलाच दिसला असावा.

पहिला नंबर तिचा आला. ढाल दिली होती मंचरच्या कापड दुकानदार शेठजींनी. जुनं जैन घराणं, तीन पिढ्या इथंच गेलेल्या. ढाल देताना ते माझ्या कानाशी म्हणाले, "पोरगी झकास बोलली. पण आमच्यात हा विषयच बसत नाही हो. जग कोणी केलेलंच नाही. होतं, आहे, राहील." मी म्हणालो, मग ढाल कशाला दिलीत? "मंडळानं मागितली. जग नसलं केलं तरी ढाल करावी लागते."

त्या दिवशी हसण्यासारखं मी ऐकलं ते एवढंच.

पहिल्या रांगेत अण्णा बसले होते. मंचरच्या पलीकडच्या गावातले बटाट्याचे मोठे बागायतदार, गावच्या देवस्थानचे विश्वस्त, दर वर्षी सप्ताह यांच्याच पुढाकाराने. भाषण चालू असताना त्यांनी डोळे पुसले. मी पाहिलं होतं. पण त्याचा अर्थ मला पंधरा दिवसांनी बोरीला गेल्यावर कळला. आक्काच्या घरी अण्णा बसले होते, शेजारी त्यांचा धाकटा मुलगा, समोर पोह्यांच्या बशा.

"पावणं, तुमी या बरं," अण्णा मला म्हणाले. "तुमी व्हता की तिथं. काय बोलली पोर. आमच्या घरात असली सून पायजे. पोटात देव हाय तिच्या."

सूत्रसंचालकाने सुरुवातीलाच माईकवर सांगितलं होतं की बाजू चिठ्ठी टाकून दिलेल्या आहेत. मी स्वतः ऐकलं होतं. पण ते कुणाच्या कानात शिरलं नाही. आमच्या भागातल्या माणसाला उभं राहून बोलणारा माणूस ठाऊक आहे तो कीर्तनातला. तो स्वतःच शंका काढतो, स्वतःच ती फोडतो, आणि जे शेवटी सांगतो ते त्याच्या जिवाचं असतं. उभं राहून, तळमळून, न पटणारी गोष्ट कुणी सांगू शकतं, ही कल्पनाच आमच्याकडे नाही. असलीच तर ती नटाची किंवा वकिलाची, आणि दोघांच्याही घरी मुलगी द्यायला आम्ही बिचकतो. पोरगी इतकं छान बोलली म्हणजे पोरगी तशीच. हा हिशेब अण्णांनी केला, मांडवाने केला, आणि घरी येईपर्यंत माझ्या दाजींनीही केला होता.

मी स्पष्ट सांगितलं. "अण्णा, ते भाषण तिचं मत नव्हतं. तिला ती बाजू चिठ्ठीत निघाली. विज्ञान निघालं असतं तर ते बोलली असती. तिला पुढं शिकायचंय."

अण्णा रागावले नाहीत. हसले. रागावले असते तर पुढे बोलता आलं असतं. "पावणं, चिठ्ठी कोण काढतो? हात पोरीचा, पण काढणारा कोण?"

दाजींनी मान हलवली. बसलेल्या साऱ्यांनी हलवली. मी कितीतरी वर्षं त्या वाक्याला उत्तर शोधतोय. डब्यातल्या चिठ्ठ्या निम्म्या निम्म्या होत्या, हे उत्तर नव्हे. ते मी तेव्हा दिलं होतं आणि माझ्यावर सगळे हसले होते.

"शिकवू की," अण्णा म्हणाले. "आमच्या घरात सरस्वतीला कुणी आडवत न्हाई."

रात्री आक्काने मला बाजूला घेतलं. "बाळू, स्थळ चालून आलंय. पोरगा निर्व्यसनी हाय. रान हाय, पाणी हाय. तू एक जाळीचं काय घेऊन बसलास."

मनीषा काय म्हणाली, असं लोक विचारतात. तिसऱ्या दिवशी ती आईला म्हणाली, "परीक्षा देऊ द्या." दिली. लग्न वैशाखात झालं. नवरी मांडवात मामाने आणायची असते, मी आणली. निकाल लागला तेव्हा ती सासरी बटाट्याचं बेणं कापत होती. भौतिकशास्त्रात शंभरातले ब्याण्णव. अण्णांनी गावात पेढे वाटले. पुण्याचं नाव मात्र त्या वर्षी निघालं नाही, पुढच्या वर्षी बाळंतपण होतं, त्याच्या पुढच्या वर्षी मीच विचारायचं सोडलं. अण्णा वाईट माणूस नाहीत. जावई तर सरळच आहे. कुणी तिला मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. वाईट माणूस सापडला असता तर माझ्या कडूपणाची सोय झाली असती.

दर भाद्रपदात, गणपतीच्या दिवसांत, अण्णांच्या ओसरीवर पाहुणे जमतात आणि सुनेला ते भाषण करायला लावतात. तेच. लेण्याद्री, पार्वती, चारशे बत्तीस कोटी. पहिल्या वर्षी तिने सांगून पाहिलं की आता आठवत नाही. अण्णांनी कौतुकाने पहिलं वाक्य सांगितलं. त्यांना पाठ होतं. ती राखेची पुडी तिने सासरी नेली होती. अण्णांनी ती विभूतीच्या डबीत ओतली. समुद्रापलीकडच्या ज्वालामुखीची राख, वय पंच्याहत्तर हजार की आठ लाख ते अजून ठरायचं, त्या घरात रोज सकाळी कपाळाला लागते. माझ्याही लागली आहे. नाही म्हणता येत नाही.

दत्ताला त्याची चिठ्ठी लागू पडली. तो हरला, तरी गावाने त्याला 'शास्त्रज्ञ' म्हणायला सुरुवात केली. पखवाज वाजवणाऱ्या बापाला लोक सांगू लागले, पोरगं हुशार हाय, पुण्याला धाडा. धाडला. आता हिंजवडीत कुठल्याशा कंपनीत आहे. एकदा मंचरच्या स्टँडवर भेटला. "मामा," तो म्हणाला, "खरं सांगू का, तो महास्फोट मला अजून कळला नाय." मग त्याने मनीषाची चौकशी केली. "ती लई पुढं गेली असंल ना?" मी म्हणालो, घोडेगावची गाडी लागली बघ.

लेण्याद्रीला मी चतुर्थीला जातो. देवाशी माझं भांडण नाही. गणपती बसलाय ती लेणी बौद्ध भिक्षूंनी कोरलेली. त्यांच्या गुरूंना कुणी विचारलं की जगाला सुरुवात आहे का, तर ते गप्प राहत, असं तिथल्या एका माहीतगाराने मला सांगितलं होतं. वरून पाहिलं की सगळं खोरं दिसतं. गप्प राहणाऱ्यांच्या भिंतीत पार्वतीचा मुलगा बसलाय, डोंगरांपलीकडे मंचरच्या पेठेत शेठजींचं अनादि जग, आणि लांब आभाळ स्वच्छ असलं तर हाक ऐकायला बसलेल्या तबकड्या. हे सगळे इतकी वर्षं शेजारी शेजारी आहेत आणि कुणी कुणाला धक्का लावत नाही. वाद घालायला आम्ही पोरं उभी केली. जग कसं झालं याचा निकाल अजून लागलेला नाही. त्या संध्याकाळी फक्त एकीचा लागला.

गेल्या वर्षी गणपतीतच ती बातमी आली. परदेशात जमिनीखाली कसलंसं प्रचंड यंत्र सुरू होणार, त्यात जगाच्या सुरुवातीसारखी अवस्था करून बघणार. हिंदी वाहिन्या दोन दिवस ओरडत होत्या की जग गिळलं जाणार. मी त्या दुपारी मनीषाकडे जेवायला होतो. बाहेर बटाट्याची काढणी चाललेली, ओल्या मातीचा वास आणि आत टीव्हीवर लाल पट्टी. काढणीला आलेल्या दोन बाया काम सोडून घरी निघाल्या होत्या; मरायचंच तर पोरांजवळ, म्हणाल्या.

अण्णांनी सगळ्यांना ओसरीवर बसवलं, डबी काढून प्रत्येकाच्या कपाळाला राख लावली. "काय व्हत न्हाई. आमची सून सांगंल तुमाला जग कसं झालं ते. सूनबाई, व्हऊ द्या."

ती उभी राहिली आणि बोलली. हात बरोबर त्याच जागी उचलले जात होते. चारशे बत्तीस कोटींवर टाळ्या पडल्या. या वेळी मी तिच्या ओठांकडे नीट पाहिलं. कोपरा दुमडला नाही. बाया निवांत झाल्या आणि परत रानात गेल्या, हेही सांगायला हवं.

नंतर ती पडवीत बटाटे निवडायला बसली. फावड्याने कापलेले एकीकडे, धड एकीकडे. मी शेजारी बसलो.

"मने, एकदा दुसरी बाजू सांग की यांना."

"कुठली दुसरी?"

"विज्ञानाची. माझ्या ओसरीवर केली होतीस ती."

तिचे हात थांबले नाहीत. "मामा, इतकी वर्षं एकच बाजू बोलती मी. दुसरी आता येत न्हाई. तुमाला आठवती का?"

मी आठवून पाहिलं. पृथ्वीचं वय आठवलं. जगाचं वय तेव्हा हजार ते दोन हजार कोटींच्या मधे कुठंतरी सांगत, आता एक हजार तीनशे सत्तर सांगतात, तेही आठवलं. वारा आठवला, बायकोचे थांबलेले हात आठवले. तिच्या भाषणातलं एकच वाक्य सापडलं, पहिलं. मी ते तिला म्हणून दाखवलं. "'सुरुवातीला काय होतं ते मला माहीत नाही, आणि ते माहीत करून घ्यायचं म्हणून मी इथं उभी आहे.'"

तिने एक बटाटा हातात धरून ठेवला. अंगठ्याच्या नखाने त्याची माती खरवडली.

"मंग पुढं?"

"पुढचं मला आठवत नाही."

"वाक्य चांगलं व्हतं," ती म्हणाली. "कुणी लिवलं व्हतं?"

मी तिच्याकडे पाहिलं. चेष्टा होती का, मला कळलं नाही. कपाळावर राख होती, तिच्याही आणि माझ्याही. तेवढ्यात आतून टीव्हीचा आवाज मोठा झाला. यंत्र सुरू झालं होतं आणि दुनिया शाबूत होती. अण्णा खदखदून हसले.

"सूनबाई, जग ऱ्हायलं बरं का," त्यांनी हाक दिली. "चहा टाका."

तिने हातातला बटाटा धड असलेल्यांत टाकला, पदराला हात पुसले आणि आत गेली.